नलिकायुक्त ध्वनिक्षेपक पेटी : इतिहास व मोटारगाडीतील उपयोग

ध्वनिक्षेपकाच्या (लाउडस्पीकरच्या) मागील बाजूने निघणारे ध्वनितरंग वाया न घालविता, पेटीतील हवा व पेटीस बसविलेली उघडी नळी यांच्या अनुस्पंदनाच्या साहाय्याने ते पुढील तरंगांच्या मदतीस आणणाऱ्या पेटीस नलिकायुक्त ध्वनिक्षेपक पेटी म्हणतात. तंत्रज्ञांच्या व्यवहारात या नळीस ‘पोर्ट’ व पेटीच्या या प्रकारास ‘बास रिफ्लेक्स’ अशी नावे रूढ आहेत. सु. २० ते १०० हर्ट्झ या नीच कंप्रतांच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या) ध्वनीसाठी वापरल्या जाणाऱ्या मोठ्या ध्वनिक्षेपकास सबवूफर म्हणतात. मोटारगाडीच्या मागील सामानकक्षात अशा ध्वनिक्षेपकासह बसविलेली पेटी बाजारात ‘बेस बॉक्स’ या नावाने ओळखली जाते. वरवर पाहता ही सुतारकामाची एक साधी वस्तू वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे एका शतकाहून अधिक काळाचे ध्वनिकीतील संशोधन आहे.

तत्त्व : नळावर घागर भरताना पाणी जसजसे वर चढते तसतसा तिच्यातून येणारा आवाज चढत जातो, हा नित्याचा अनुभव आहे. आत उरलेल्या हवेचे आयतन जितके कमी, तितकी तिच्या कंपनाची कंप्रता अधिक. घागरीच्या गळ्यातील हवा हे वजन व पोटातील हवा ही स्प्रिंग मानली, तर स्प्रिंगला टांगलेल्या वजनाप्रमाणे ही हवा एका ठराविक कंप्रतेस सहज कंप पावते. यासच अनुस्पंदन म्हणतात. वाद्ये घडविणाऱ्यांनी पोकळीचा उपयोग शास्त्राच्या आधीपासून केला आहे. मिरजेच्या ज्या तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्यांचे भोपळे सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर परिसरातून येतात. भोपळ्याची जाडी, घेर व तबलीचा पातळपणा यांवर तंबोऱ्याचा झंकार अवलंबून असतो.

तथापि वाद्य आणि ध्वनिक्षेपक यांत एक मूलभूत भेद आहे. वाद्याच्या पोकळीने तारेच्या स्वरात स्वतःची भर घालणे अपेक्षित असते. ध्वनिक्षेपकाच्या पेटीने मात्र मूळ ध्वनीत आपले काहीही मिसळू नये, अशी अपेक्षा असते. नलिकायुक्त पेटी वाद्याचे तत्त्व उसने घेते व तरीही वाद्य होणे टाळते. हे कसे साधावे, हाच तिच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

इतिहास : पोकळीतील हवेच्या अनुस्पंदनाचा पद्धतशीर अभ्यास जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ (१८२१–९४) यांनी केला. स्वरसंवेदनेवरील त्यांचा ग्रंथ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या आकारांच्या पोकळ गोलांच्या साहाय्याने त्यांनी संमिश्र ध्वनीतील घटक स्वर वेगळे करून दाखविले. पोकळीचे आयतन, तोंडाचे क्षेत्रफळ व गळ्याची लांबी यांवरून कंप्रता काढण्याचे सूत्र आजही त्यांच्या नावाशी निगडित आहे.

ध्वनिक्षेपकाला आजचे रूप देण्याचे श्रेय चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांना दिले जाते. चुंबकीय क्षेत्रात हलणारे वेटोळे व त्यास जोडलेला कागदी शंकू अशी रचना त्यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात एक अडचण होती. शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते व त्याच क्षणी मागील हवा विरळ होते. नीच कंप्रतांना हे दोन परिणाम कडेने वळून एकमेकांस मिळतात व ध्वनी जवळजवळ नाहीसा होतो. ५० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सु. ७ मी. असल्याने हे टाळण्यासाठी ध्वनिक्षेपकाभोवती फार मोठी सपाट फळी लागे. मागील बाजू पेटीत पूर्ण बंद केली, तर अडचण दूर होई. पण लहान पेटीतील कोंडलेली हवा शंकूस ताठ करी व नीच स्वर पुन्हा कमी होत.

बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमधील आल्बर्ट थुरास यांनी यावर तिसरा मार्ग काढला. त्यांनी बंद पेटीस एक नळी बसविली. ठराविक कंप्रतेच्या जवळ पेटीतील हवा व नळीतील हवा मिळून मागील तरंगाची कला (अवस्था) उलटवितात. परिणामी नळीतून बाहेर पडणारा ध्वनी पुढील ध्वनीस मारक न होता पूरक ठरतो. या रचनेसाठी थुरास यांनी १९३० मध्ये एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज केला व १९३२ मध्ये त्यांना ते मिळाले.

कल्पना उत्तम असली, तरी ती अमलात आणणे पुढील तीस वर्षे अंदाजाचेच काम राहिले. नळी किती लांब असावी, पेटी किती मोठी असावी, हे प्रत्येक बांधणारा प्रयोगाने ठरवी. चुकलेल्या पेटीतून एकच स्वर घुमत राही आणि तबला असो वा मृदंग, सर्व वाद्ये सारखीच वाजल्याचा भास होई. यामुळे ‘घुमणारी पेटी’ असा या प्रकाराचा दुर्लौकिक झाला. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये लहान बंद पेटीची यशस्वी रचना पुढे आणल्यावर अनेक जाणकारांनी नलिकायुक्त पेटीकडे पाठ फिरविली.

तिचे पुनरुज्जीवन ऑस्ट्रेलियात झाले. नेव्हिल थील (१९२०–२०१२) या अभियंत्यांनी १९६१ मध्ये असे दाखवून दिले, की नलिकायुक्त पेटीतील ध्वनिक्षेपक हा विद्युत् अभियांत्रिकीतील चतुर्थ कोटीच्या छानक मंडलाशी (फिल्टरशी) गणितदृष्ट्या समतुल्य आहे. छानकांची गणिते व कोष्टके आधीच तयार असल्याने ती पेटीस लागू करता आली. थील यांनी अशा २८ मांडण्या दिल्या. त्यांचा निबंध ऑस्ट्रेलियाबाहेर दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला व १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे पुनर्मुद्रण झाल्यावर तो सर्वत्र पोहोचला. सिडनी विद्यापीठात काम करणारे रिचर्ड स्मॉल यांनी १९७२–७३ मध्ये हे कार्य पूर्णत्वास नेले. ध्वनिक्षेपकाची स्वाभाविक कंप्रता, त्याच्या संदमनाचा (कंपन विरून जाण्याच्या प्रमाणाचा) निदर्शक गुणांक व त्याच्या लवचिकपणाशी तुल्य असे हवेचे आयतन, ही तीन मूल्ये मापली की योग्य पेटी कागदावर काढता येते. ही मूल्ये ‘थील–स्मॉल प्राचल’ म्हणून ओळखली जातात व ध्वनिक्षेपकाबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात छापलेली असतात. समान आयतन व समान नीच मर्यादा असता नलिकायुक्त पेटी बंद पेटीपेक्षा सु. ३ डेसिबेल, म्हणजे दुप्पट, कार्यक्षम होऊ शकते, हेही स्मॉल यांच्या विवेचनातून स्पष्ट झाले.

मोटारगाडीत प्रवेश : अमेरिकेत गॅल्व्हिन बंधूंचा ‘मोटोरोला’ हा मोटारगाडीसाठीचा रेडिओ १९३० मध्ये बाजारात आला. त्या काळी गाडीत आवाज ऐकू येणे हेच मोठे यश होते. भारतीय मोटार उद्योगाच्या इतिहासात सोलापूरचे नाव आरंभापासून आहे. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून निघालेल्या गाड्या पुढे अनेक दशके महाराष्ट्रातील रस्त्यांवर दिसत. अशा गाड्यांतील रेडिओस एखाद-दुसरा लहान ध्वनिक्षेपक जोडलेला असे. मागील काचेखालची फळी ही सपाट पडद्याचे व तिच्याखालचा सामानकक्ष हा पेटीचे काम आपोआप करी.

मोठ्या ध्वनिक्षेपकास दोन गोष्टी आड येत. एक जागा व दुसरी विद्युत् शक्ती. गाडी चालू असता तिच्या विद्युत् मंडलाचा दाब सु. १४ व्होल्ट असतो. एवढ्या दाबावर ४ ओहम रोधाच्या ध्वनिक्षेपकास साध्या विवर्धकातून (अँप्लिफायरमधून) फार तर २० ते २५ वॅट शुद्ध शक्ती देता येते. प्रथम दाब वाढवून मग विवर्धन करणारे ट्रँझिस्टरी विवर्धक आल्यावर ही मर्यादा ओलांडली गेली. १९६३ मध्ये आलेली कॅसेट, १९८२ मध्ये आलेली काँपॅक्ट डिस्क व डिसेंबर १९८३ पासून मारुती गाड्यांमुळे मध्यमवर्गापर्यंत पोहोचलेले स्वतःचे वाहन यांमुळे गाडीतील संगीत ही भारतातही सामान्य गोष्ट झाली. त्यानंतर सामानकक्षातील पेटी आली.

अभिकल्प व बांधणी : व्यवहारात नेहमी आढळणारे एक उदाहरण घेता येईल. १२ इंची (सु. ३० सेंमी.) ध्वनिक्षेपकासाठी ५० लिटर निव्वळ आयतनाची पेटी ३५ हर्ट्झ कंप्रतेस जुळवावयाची आहे व नळीचा आतील व्यास १० सेंमी. आहे, असे समजू. हेल्महोल्ट्झ यांच्या सूत्रानुसार नळीची परिणामी लांबी सु. ३८ सेंमी. येते. नळीच्या दोन्ही टोकांबाहेरील थोडी हवाही तिच्याबरोबर हलत असल्याने यातून सु. ७ सेंमी. वजा करावे लागतात. म्हणजे प्रत्यक्ष नळी सु. ३१ सेंमी. कापावी. नळीने व्यापलेले सु. ३ लिटर, तसेच ध्वनिक्षेपकाचा मागील भाग व आतील आधारपट्ट्या यांचे आयतन ५० लिटरमध्ये मिळवूनच पेटीची मापे काढावी लागतात. हा हिशेब विसरणे ही नवख्यांची नेहमीची चूक होय. जुळणीची कंप्रता निम्मी करावयाची झाल्यास परिणामी लांबी चौपट होते. त्यामुळे अतिनीच जुळणीची लहान पेटी बांधणे व्यवहारात कठीण जाते. नळी अरुंद घेऊन लांबी कमी करता येते. पण तिच्यातील हवेचा वेग ध्वनिवेगाच्या सु. ५ टक्क्यांहून (सेकंदास सु. १७ मी.हून) अधिक झाला, तर फुसफुस ऐकू येऊ लागते.

पेटीच्या भिंती हलता कामा नयेत. शंकूने ४८० घ.सेंमी. हवा दाबली, तर ५० लिटरच्या बंद पेटीतील दाब सु. १,३६० पास्कालने वाढतो व ४० सेंमी. लांबीरुंदीच्या फळीवर सु. २२ किग्रॅ. वजनाइतका जोर येतो. हा जोर सेकंदास तीसचाळीस वेळा उलटसुलट होत असतो. म्हणून १८ मिमी. जाडीचे प्लायवूड किंवा एमडीएफ या नावाने मिळणाऱ्या दाबीव लगद्याच्या फळ्या वापरतात व आतून आडवे आधार देतात. सांधे हवाबंद असावे लागतात. सोलापूरसारख्या ठिकाणी, जेथे उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते, तेथे बंद गाडीच्या आतील तापमान ६०° से.च्या आसपास पोहोचू शकते. अशा उष्णतेत लाकडाचा पांढरा डिंक मऊ पडतो. म्हणून केवळ डिंकावर न विसंबता स्क्रूही लावतात. उष्णतेने ध्वनीचा वेगही वाढतो. २०° से.ला ३५ हर्ट्झवर जुळलेली पेटी ४०° से.ला सु. ३६ हर्ट्झवर जाते. परंतु हा फरक नगण्य समजला जातो. वरील मापांच्या पेटीच्या फळ्यांचेच वजन सु. १४ किग्रॅ. होते. ध्वनिक्षेपकासह ती २० किग्रॅ.हून जड होत असल्याने गाडीच्या चौकटीस घट्ट बांधणे आवश्यक असते. अन्यथा एखाद्या अपघातात ती मागील आसनावर येऊन आदळण्याचा धोका असतो.

घरातील पेटी जशीच्या तशी गाडीत ठेवून चालत नाही. गाडीच्या आतील लांबी २·५ मी. धरल्यास सु. ७० हर्ट्झच्या खाली संपूर्ण कक्ष अर्ध्या तरंगाहून लहान ठरतो व ध्वनिदाब आपोआप वाढत जातो. बंद पेटीचा ध्वनी नीच बाजूस ज्या प्रमाणात घटतो, जवळजवळ त्याच प्रमाणात ही वाढ असते. म्हणून गाडीत बंद पेटी बहुधा समतोल वाटते. नलिकायुक्त पेटीत जुळणीच्या कंप्रतेजवळ नळीची भर व कक्षाची भर एकत्र येऊन एका लहान पट्ट्यात ध्वनी फुगतो. शिवाय जुळणीच्या कंप्रतेखाली नळी उघड्या भोकासारखी वागते, हवेचा आधार सुटतो व शंकू मर्यादेबाहेर हलून फाटण्याचा संभव असतो. यासाठी त्याखालील कंप्रता विवर्धकातच अडविणारा छानक वापरतात. संगीताची निष्ठा इष्ट असेल, तर जुळणी नीच व नळीची भर मर्यादित ठेवतात. केवळ दणका हवा असेल, तर जुळणी वर नेतात. थील व स्मॉल यांनी ज्या दोषातून पेटीची सुटका केली, तोच दोष अशा वेळी हेतुपुरस्सर परत आणला जातो.

लोकजीवनावरील परिणाम : महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात ध्वनिक्षेपक प्रथम आला तो भाषणासाठी. १९३० नंतरच्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांत मुंबईच्या नानक मोटवाने यांच्या शिकागो रेडिओ या संस्थेची सामग्री वापरली जाई. सभांतील व उत्सवांतील हे ध्वनिक्षेपक कर्ण्याच्या आकाराचे असत. कर्णा मानवी आवाज दूरवर नेतो. मात्र नीच स्वर त्यातून निघत नाहीत. पुढे ट्रकवर नलिकायुक्त व अन्य मोठ्या पेट्या रचून मिरवणुकीत वाजविण्याची प्रथा पडली. पश्चिम महाराष्ट्रात अशा यंत्रणेस ‘डॉल्बी’ म्हणतात. वस्तुतः रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेची कीर्ती ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करण्याच्या पद्धतीमुळे झाली. आवाज कमी करणाऱ्याचे नाव आवाज वाढविणाऱ्या साधनास मिळावे, हा भाषेतील एक चमत्कारिक योग होय.

सोलापुरास मोठा आवाज नवा नाही. गिरण्या व यंत्रमाग यांच्या या शहरात मागांच्या खडखडाटात काम करणाऱ्यांच्या पिढ्या गेल्या. सिद्धेश्वराच्या जानेवारीतील यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुका व गणेशोत्सवातील लेझीम यांनाही हलगी-ताशांची साथ असते. परंतु मागाचा किंवा ताशाचा आवाज मुख्यतः मध्यम व उच्च कंप्रतांचा असतो व तो विटांच्या भिंतीने पुष्कळसा अडतो. भिंतीची ध्वनी अडविण्याची क्षमता कंप्रता निम्मी होताच सु. ६ डेसिबेलने घटते. म्हणून रस्त्यावरून जाणाऱ्या बंद गाडीतील गाण्याचे शब्द घरात ऐकू येत नाहीत, ठोका मात्र पोहोचतो व खिडक्यांची तावदाने थरथरतात.

या प्रश्नाला कायद्याची एक बाजू आहे. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम २००० मध्ये अमलात आले. निवासी क्षेत्रासाठी त्यांनी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल (ए) ही मर्यादा ठरविली. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्या जागी ध्वनिक्षेपक वाजविण्यास त्यांनी मनाई केली. मात्र वर्षातील ठराविक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्यशासनास ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मधील निर्णयात शांततेने जगण्याच्या नागरिकांच्या हक्कास महत्त्व दिले. या नियमांतील ‘ए’ हे अक्षर ध्यानात घेण्यासारखे आहे. मंद आवाज ऐकताना मानवी कान नीच कंप्रतांना कमी संवेदनशील असतो. त्यास अनुसरून मापकयंत्र त्या कंप्रता वजा करून दाखविते व ही वजावट ५० हर्ट्झला सु. ३० डेसिबेल असते. १०० डेसिबेल पातळीचा ५० हर्ट्झचा ठोका यंत्रावर केवळ ७० भरतो. आवाज मोठा झाला की कानाची ही उदासीनता बरीच कमी होते. यंत्राची वजावट मात्र तेवढीच राहते. ‘सी’ मापनात हीच वजावट सु. १ डेसिबेल असते. नलिकायुक्त पेट्यांच्या आवाजाचे मूल्यमापन करताना दोन्ही मापने घेणे अधिक न्याय्य ठरते. तक्रार करणारा अतिशयोक्ती करीत आहे, असे यंत्राकडे पाहून वाटले, तरी तसे असेलच असे नाही.

गाडीत बसलेल्याचे हितही यात गुंतलेले आहे. ८५ डेसिबेल (ए) पातळीत रोज आठ तासांहून अधिक काळ राहणे श्रवणास घातक मानतात व दर ३ डेसिबेल वाढीबरोबर सुरक्षित काळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबेल (ए)ला तो केवळ पंधरा मिनिटे उरतो. अंतःकर्णातील नष्ट झालेल्या संवेदी पेशी मानवात पुन्हा निर्माण होत नाहीत. मोठ्या आवाजात मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगाही ऐकू येत नाही.

थुरास यांच्या काळी विवर्धकाची शक्ती अत्यल्प होती व प्रत्येक वॅटातून अधिकाधिक ध्वनी मिळविणे हा नळीचा हेतू होता. आज शक्तीचा तुटवडा राहिलेला नाही. त्यामुळे या रचनेची कसोटीही बदलली आहे. ज्या पेटीतून पखवाजाची थाप व तंबोऱ्याचा खर्ज वेगवेगळे ओळखू येतात आणि जिचा आवाज गाडीच्या बाहेर उपद्रव देत नाही, ती उत्तम बांधलेली समजावी.